विश्लेषण : रेशनचा ‘इष्टांक’ संपला म्हणजे हक्कही संपला?

घरात आलेल्या सुनेचे किंवा दोन वर्षांच्या नातवाचे नाव रेशनकार्डावर चढवायला गेलेल्यांना पुरवठा शाखेत एक शब्द ऐकावा लागतो : इष्टांक. नाव कार्डावर चढते, धान्य मात्र सुरू होत नाही; कारण ‘तालुक्याचा इष्टांक पूर्ण झाला आहे’. कायद्याने दिलेला हक्क असा ‘पूर्ण’ कसा होतो?

हा आकडा येतो कुठून?

राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा २०१३ चा. ग्रामीण भागातील ७५ टक्क्यांपर्यंत आणि शहरी भागातील ५० टक्क्यांपर्यंत लोकांना त्याने स्वस्त धान्याचा हक्क दिला. प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना ५ किलो, अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो. जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत आहे. देशासाठी ८१.३५ कोटी लाभार्थ्यांची मर्यादा ठरली. महाराष्ट्रात ग्रामीण ७६.३२ आणि शहरी ४५.३४ टक्के, म्हणजे सुमारे ७ कोटी. तोच आकडा पुढे जिल्ह्यांत आणि तालुक्यांत वाटला गेला.

मेख अशी की हे टक्के २०११ च्या जनगणनेला लावलेले आहेत. कलम ९ नुसार लाभार्थ्यांची संख्या प्रसिद्ध झालेल्या जनगणनेवरूनच काढायची असते. २०२१ ची जनगणना झाली नाही. पुढची २०२७ ची. लोकसंख्या तेव्हापासून १० टक्केच वाढली असे धरले, तरी एकट्या महाराष्ट्रात याच प्रमाणाने आणखी ७० लाख नावे बसायला हवीत. अर्थतज्ज्ञ ज्याँ द्रेझ आणि रीतिका खेरा यांनी २०२० मध्येच देशभरात १० कोटींहून अधिक लोक या कारणाने बाहेर असल्याचा अंदाज मांडला होता. जुलै २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही वाढीव लोकसंख्या विचारात घेण्यास केंद्राला सांगितले. केंद्राची भूमिका मात्र ‘नव्या जनगणनेनंतर पाहू’ अशीच राहिली.

मग नवे नाव कसे लागते?

कोणाचे तरी जुने नाव कमी झाले की. मृत, स्थलांतरित, ई-केवायसी न केलेले, अशी नावे वगळून जागा होते. मृताचे नाव काढणे रास्तच. पण ज्यांचा अंगठा ई-पॉस यंत्रावर उमटत नाही असे वृद्ध, बोटांची कातडी झिजलेले मजूर किंवा हंगामात गाव सोडणारे ऊसतोड कामगारही याच चाळणीतून जातात. (‘मेरा ई-केवायसी’ अ‍ॅपवर चेहऱ्याने पडताळणी होते, पण त्यालाही स्मार्टफोन लागतोच.) एका गरजूला जागा हवी म्हणून दुसऱ्या गरजूचे नाव गळावे, अशी ही रचना आहे.

उत्पन्नाची अटही पाहा. कायदा लागू करताना राज्याने ग्रामीण भागासाठी वर्षाला ४४ हजार आणि शहरासाठी ५९ हजार रुपये ही मर्यादा ठरवली. ४४ हजार म्हणजे महिन्याला ३,६६७ रुपये! एवढ्यात कुटुंब चालत असेल, तर त्याला ‘प्राधान्य’ म्हणायलाही संकोच वाटावा.

धान्याऐवजी पैसे

मराठवाडा, अमरावती विभाग आणि वर्धा मिळून १४ जिल्ह्यांतील केशरी कार्डधारक शेतकरी या यादीबाहेर होते. त्यांना राज्य सरकार पूर्वी स्वस्त धान्य देत असे. २०२३ मध्ये ते बंद करून माणशी महिना १५० रुपये खात्यात देण्याचा निर्णय झाला. पुढे ते १७० झाले. गव्हाचा भाव वाढला तरी रक्कम आपोआप वाढत नाही.

दाद कुठे मागायची?

यादीत नाव असूनही धान्य मिळाले नाही, तर कलम ८ नुसार सरकारने अन्नसुरक्षा भत्ता द्यायचा असतो. तक्रार जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे, तिथे दाद न मिळाल्यास राज्य अन्न आयोगाकडे करता येते. १९६७ हा मदत क्रमांकही आहे. परंतु या सगळ्या वाटा यादीतल्यांसाठी. इष्टांक संपल्यामुळे जो यादीतच आला नाही, तो कायद्याच्या लेखी ‘हक्कदार’ नाही, त्यामुळे त्याला भत्ताही मागता येत नाही. अर्जाची पोच घेऊन ठेवावी आणि तालुक्यात जागा कधी होते ते विचारत राहावे, एवढेच त्याच्या हाती उरते.