आमच्या घरातल्या गाड्यांचे कागद

कुंडलच्या आमच्या घरात जमिनीचे कागद एका पत्र्याच्या पेटीत आहेत. त्यांचा धागा धरला की पणजोबांच्या वाटणीपर्यंत मागे जाता येते. सातबारावरून एखादे नाव कमी झाले तरी ते कंसात राहते, आणि फेरफाराचा क्रमांक शोधला की ते का कमी झाले हेही कळते. गाडीचे तसे नाही. गाडी विकली की तिचे आरसी बुक तिच्याबरोबर नव्या मालकाकडे जाते. कर्जाचा बोजा आरसीवर चढतो, फिटल्यावर उतरतो, पण त्याची नक्कल घरात कोणी ठेवत नाही. ज्या घराने चाळीस वर्षांत पाच गाड्या वापरल्या, त्या घरात सापडले तर शेवटच्या गाडीचे बुक सापडते.

हे माझ्या लक्षात यायला बराच उशीर झाला. कुंडलचा म्हटले की लोक प्रतिसरकारबद्दल विचारतात, आणि मीही अनेक वर्षे त्याच आठवणी गोळा करत होतो. १९४३ च्या शेणोलीच्या रेल्वे लुटीची हकीकत मी जितक्या तोंडून ऐकली तितक्या तऱ्हांनी ऐकली. कागद नसला की आठवण माणसागणिक बदलते, हे मी तिथे शिकलो. पण ती शिकवण स्वतःच्या घराला लावावी असे कधी सुचले नाही. तात्या, म्हणजे माझे वडील, गेले तेव्हा त्यांच्या वस्तू आवरताना ते सुचले.

आधी शब्दाचे सांगतो. माझ्या आजीच्या तोंडी ‘गाडी’ म्हणजे बैलगाडी. ‘गाडीची वेळ झाली’ म्हणाली तर मात्र रेल्वे. ते स्टेशन पूर्वी कुंडल रोड होते. १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानच्या माळावर कारखाना उभारला आणि पुढे स्टेशनही किर्लोस्करवाडी झाले. (लक्ष्मणरावांची धंद्याची सुरुवात बेळगावातल्या सायकलच्या दुकानातून झाली होती, हे आमच्याकडे फार जणांना माहीत नसते.) तात्या त्याच कारखान्यात होते. त्यांच्या तोंडी ‘गाडी’ म्हणजे सायकल. आमच्या पिढीत गाडी म्हणजे मोटारसायकल, आणि माझा मुलगा चारचाकीशिवाय कशालाच गाडी म्हणत नाही. त्यामुळे ‘तुमच्या घरी पहिली गाडी कधी आली?’ हा प्रश्न एकाच घरात तिघांना विचारला तर तीन साले मिळतात, आणि तिन्ही खरी असतात.

तेव्हा मी माणसांना विचारण्याआधी कागद मांडले. आरसी नसली तरी तीन गोष्टी घरात उरतात. पहिली, करांच्या पावत्या. सायकलचा पितळी बिल्लाही यातच धरतो. दुसरी, फोटो. मोटारीशेजारी उभे राहून फोटो काढायची आपल्याला हौस, आणि त्यात नंबरप्लेट बहुधा येतेच. प्लेटवर तीन इंग्रजी अक्षरे असतील तर गाडीची नोंदणी १९८९ च्या आधीची. एमएच-१० असेल तर नव्या पद्धतीतली सांगली जिल्ह्याची. तिसरी आणि सर्वांत भरवशाची, विम्याची पॉलिसी. तिच्यावर मालकाचे नाव, गाडीचा नंबर, कंपनी, चासी नंबर, इंजिन नंबर आणि मुदत, सगळे एका जागी असते. आरसी गेली तरी मुदत संपलेली पॉलिसी कोणी मागत नाही, म्हणून ती पेटीत पडून राहते.

या रीतीने माझी यादी भराभर झाली: तात्यांची सायकल, माझी जुनी घेतलेली एम-८०, मग सीडी १००, मग जुनीच मारुती ८००. त्यांबद्दल सांगण्यासारखे फारसे नाही. अडले ते १९८२ पासूनच्या तीन पॉलिसींपाशी. त्या तात्यांच्या नावावर होत्या आणि गाडी होती प्रिया स्कूटर.

आमच्या दारात स्कूटर कधीच नव्हती. आईला विचारले तर म्हणाली, “नंबरच न्हाई लागला कधी. तुझं तात्या रिटायर होईस्तवर सायकलीवरनंच गेलं की.”

नंबर लागणे म्हणजे काय हे आजच्या वाचकाला सांगावे लागेल. १९६० च्या नियंत्रण आदेशाने स्कूटरची विक्री सरकारी नियमांत बांधली होती. कारखान्यांना किती गाड्या काढायच्या याचा परवाना लागे आणि मागणी त्याच्या कैक पट होती. बुकिंग करायचे, ठेव ठेवायची आणि वर्षानुवर्षे वाट पाहायची. १९७५ मध्ये बजाज ऑटो आणि राज्य सरकारचे पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळ यांनी मिळून महाराष्ट्र स्कूटर्स ही कंपनी काढली. तिच्या साताऱ्याच्या कारखान्यात प्रिया तयार होई. आपल्याच भागातली स्कूटर, म्हणून आमच्याकडे तिचे अप्रूप जास्त. पण जवळ कारखाना आहे म्हणून रांग लहान होत नव्हती. ज्याचा नंबर लागे त्याला घरबसल्या ‘ऑन’ देऊन गाडी मागणारे गिऱ्हाईक मिळे.

माझा पहिला तर्क तोच होता. तात्यांनी नंबर विकला असेल, गाडी कागदोपत्री त्यांच्या नावावर राहिली असेल. हा तर्क मी एका व्याख्यानात उदाहरण म्हणून सांगूनही टाकला. तो चुकला.

मागच्या दिवाळीला थोरल्या अक्काकडे गेलो होतो. तिचा अल्बम चाळताना तिच्या सासरच्या अंगणातला एक फोटो दिसला. दाजी स्कूटरवर बसलेले, हँडलला हार. मी खिशातल्या वहीत पॉलिसीवरचा नंबर पाहिला. अक्षरे आणि आकडे, दोन्ही जुळले. अक्काचे लग्न १९८२ चे.

अक्का म्हणाली, “तुला कुणी सांगितलंच नव्हतं व्हय?”

हुंडाबंदीचा कायदा १९६१ चा. त्यामुळे याद्यांत स्कूटर लिहिली गेली नाही आणि घरात ती ‘नंबर लागला नाही’ या वाक्यात मिटली. गाडी नावावर करून द्यायचे तीन वर्षे राहून गेले. मधल्या काळात विमा तात्या भरत होते. तो भरावा लागे, कारण अपघात झाला तर पोलीस आधी बुकावरच्या नावाचे दार ठोठावतात. गाडी कोण चालवत होते हे पुढचे. लेकीच्या सासरची स्कूटर रस्त्यावर होती आणि तिची जबाबदारी घेऊन तात्या पहाटेच्या पाळीला सायकल मारत होते. मी तेव्हा बारा वर्षांचा होतो आणि मित्रांच्या वडिलांकडे स्कूटर असताना आमच्याकडे नाही म्हणून त्यांच्याशी दोन-दोन दिवस बोलत नसे.

यादीत मी आता दोन रकाने वाढवले आहेत: ‘नावावर कोणाच्या’ आणि ‘वापर कोणाचा’. प्रियाच्या पहिल्या रकान्यात तात्या, दुसऱ्यात दाजी. अक्काला ते वाचून दाखवले. ती चष्मा पुसत म्हणाली, “माझं पण लिही की. मी दोनदा बसले होते. एकदा औदुंबरला गेलो तेव्हा, आणि एकदा दवाखान्यात.”