पाठ झालेले राहते कुठे?

फ्रिस्कोमध्ये रविवारी जमणाऱ्या आपल्या बालवर्गात त्रिसरण-पंचशील म्हणणाऱ्या बहुतेक मुलांचा जन्म टेक्सासमधला आहे. पाली त्यांना येत नाही आणि मराठी घरापुरतीच उरली आहे. तरीही तीन-चार आठवड्यांत पाचही शीले त्यांना मुखोद्गत होतात. पुढे उन्हाळी सुटीत वर्ग बंद राहिला, की ऑगस्टमध्ये त्यांतील दोन शीले हरवलेली असतात. मग मुलेच विचारतात, "पाठ केलेले जाते कुठे?" प्रश्न रास्त आहे. "तुझे लक्षच नसते" असे म्हणून पालकांनी तो मिटवू नये, यासाठी हा लेख आम्ही मुलांना वाचून दाखवता येईल अशा बेताने लिहिला आहे.

आमच्यापैकी बरेच जण संगणकक्षेत्रातले. त्यामुळे उत्तर देताना एक सोपी उपमा जिभेवर येते : मेंदू म्हणजे हार्ड डिस्क. ही उपमा सोडून द्यावी. डिस्कवरील फाइल शंभरदा उघडली तरी तशीच राहते आणि कधीच उघडली नाही तरी तशीच राहते. शिवाय संगणकात साठवण एकीकडे आणि विचार दुसरीकडे चालतो. मेंदूत अशी विभागणी नाही. ज्या पेशी विचार करतात, त्यांच्यामधील जोडण्यांतच आठवण वसते आणि आठवण काढण्यानेही त्या जोडण्या बदलतात.

माणसाच्या मेंदूत सुमारे 8,600 कोटी चेतापेशी आहेत. एक पेशी दुसरीला जेथे निरोप देते, त्या जागेला संपर्कस्थान म्हणतात. तेथे दोन पेशींमध्ये बहुधा अतिसूक्ष्म फट असते आणि निरोप रसायनांच्या रूपाने ती फट ओलांडतो. मुलांनो, गवतातून रोज एकाच बाजूने चालत गेलात तर पायवाट पडते आणि कोणी फिरकेनासे झाले की गवत पुन्हा वाढते. संपर्कस्थानांचे काहीसे तसेच आहे. पण ही झाली उपमा. प्रत्यक्षात काय घडते, हे समजण्यासाठी शास्त्रज्ञांना एका समुद्री गोगलगायीकडे जावे लागले.

एरिक कँडेल यांचा जन्म 1929 मध्ये व्हिएन्ना येथे एका ज्यू कुटुंबात झाला. नाझींच्या छळामुळे 1939 मध्ये ते कुटुंब अमेरिकेत आले. पुढे कँडेल कोलंबिया विद्यापीठात प्राध्यापक झाले. बाबासाहेब 1913 ते 1916 या काळात जेथे शिकले, तेच हे विद्यापीठ. कँडेल यांनी अभ्यासासाठी निवडलेल्या गोगलगायीचे नाव अ‍ॅप्लिशिया. तिच्या चेतासंस्थेत सुमारे 20,000 चेतापेशी असतात आणि त्यांतील काही इतक्या मोठ्या, की नुसत्या डोळ्यांनी दिसाव्यात. या गोगलगायीच्या शेपटीला विजेचा सौम्य धक्का दिला, की पुढे हलकासा स्पर्श झाला तरी ती आपला कल्ला झटकन आत ओढून घेई. एका धक्क्याची आठवण थोडाच वेळ टिके. तेच धक्के अंतराअंतराने, काही दिवस दिले तर ती आठवण आठवडे टिके.

या दोन आठवणींतला फरक कँडेल यांनी पेशीच्या आत शिरून शोधला. अल्पकाळच्या आठवणीत आहे त्याच संपर्कस्थानातून रसायन अधिक स्रवते, इतकेच. दीर्घकाळच्या आठवणीत मात्र पेशीच्या केंद्रकातील जनुके कामाला लागतात, नवी प्रथिने तयार होतात आणि नवी संपर्कस्थाने उगवतात. या कामासाठी त्यांना 2000 मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. म्हणजे एखादी गोष्ट खरोखर पाठ होते, तेव्हा मेंदूची रचनाच थोडी बदललेली असते, आणि अशी वाढ एका बैठकीत होत नाही.

हीच गोष्ट जर्मनीच्या हर्मान एबिंगहाउस यांनी सूक्ष्मदर्शकाविना दाखवली होती. अर्थहीन अक्षरसमूहांच्या याद्या करून ते स्वतःच पाठ करीत आणि किती विसरले ते मोजत. 1885 मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केले. विसरण्याचा वेग आरंभीच सर्वाधिक असतो, पुढे तो मंदावतो. आणखी एक निष्कर्ष घराघरांत लावून ठेवण्याजोगा आहे : एका दिवशी 68 वेळा घोकून जे साधले, तेच तीन दिवसांत विभागून अवघ्या 38 वेळांत साधले.

आठवणी सगळ्या एका जातीच्या नसतात, हेही मुलांना सांगावे. हेन्री मोलेसन या अमेरिकन गृहस्थांना अपस्माराचे तीव्र झटके येत. 1953 मध्ये शस्त्रक्रियेत त्यांच्या मेंदूतील हिप्पोकॅम्पस या भागाचा बराचसा अंश काढून टाकण्यात आला. समुद्रघोड्यासारख्या आकारामुळे त्याला ते नाव पडले आहे. झटके कमी झाले. पण त्यानंतर भेटलेला माणूस, आत्ताच घेतलेले जेवण, काहीच त्यांच्या लक्षात राहीना. ब्रेंडा मिल्नर यांनी त्यांना आरशात पाहून चांदणी गिरवायला दिली. दिवसेंदिवस हात सफाईदार होत गेला, आणि दर वेळी मोलेसन यांना वाटे की हे आपण प्रथमच करीत आहोत. सायकल चालवणे आणि काल सायकलवरून कुठे गेलो होतो हे सांगणे, ही मेंदूची दोन वेगळी कामे आहेत.

झोपेचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. दिवसा उंदीर ज्या वाटेने फिरले, त्या वाटेशी निगडित पेशी झोपेतही पुन्हा एकत्र चेतवल्या जातात, असे 1994 मध्ये दिसून आले. मेंदू रात्री उजळणी करतो. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ ते बारा तास झोप हवी असते, आणि आपल्या गावात रोबोटिक्स, पोहणे, गणिताची शिकवणी उरकून मुले किती वाजता अंथरुणावर पडतात ते आम्ही सारेच जाणतो.

आता एक अवघड गोष्ट. ती किती वयाच्या मुलाला सांगावी हे पालकांनी ठरवावे. आमच्या मते दहाव्या वर्षानंतर जरूर सांगावी. गौतम धर्मसूत्राच्या बाराव्या अध्यायात शूद्रासाठी शिक्षा सांगितल्या आहेत : वेद ऐकल्यास कानात कथील व लाख ओतावी, उच्चारल्यास जीभ छाटावी, स्मरणात ठेवल्यास शरीर भेदावे. ऐकणे, म्हणणे, धारण करणे : शिकण्याची सारी वाट त्यात अडवलेली आहे. याच्या उलट, बुद्धवचने संघाने सामूहिक पठणाने जपली. भाणक भिक्षूंनी ती पिढ्यान्‌पिढ्या मुखाने चालवली आणि इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात श्रीलंकेत ती लिहिली गेली. चार आर्यसत्ये, पाच शीले, आठ अंगांचा मार्ग अशी संख्यांची बांधणी आणि त्याच वाक्यांची पुनरावृत्ती स्मरणाला किती साहाय्यक आहे, हे आज सहज कळते.

हा वारसा फक्त भिक्षूंचा नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रात जमवलेल्या जात्यावरच्या ओव्यांची संख्या लाखाच्या वर आहे. त्यांत 1996 मध्ये बीड जिल्ह्यातील माजलगावच्या भीमनगर वस्तीत ध्वनिमुद्रित झालेल्या, बाबासाहेबांवरच्या ओव्याही आहेत. रोज पहाटे, जात्याच्या फेऱ्याबरोबर, दुसरीच्या सुरात सूर मिसळून त्या म्हटल्या जात. अंतराने उजळणी, लय, हाताची हालचाल आणि मनापासूनचा जिव्हाळा, सगळे तेथे एकवटले होते.

शेजारच्या मॅकिनीचा मुलगा 2018 मध्ये आणि अ‍ॅलनचा 2025 मध्ये राष्ट्रीय स्पेलिंग बी जिंकला, तेव्हा इकडच्या भारतीय मेजवान्यांत "हुशारी रक्तातच असते" हे वाक्य ऐकू आले. ते कोणाच्या रक्ताबद्दल बोलले जाते हे आपल्याला चांगले ठाऊक आहे. जन्मतः मुलामुलांत थोडेफार फरक असतात, हे आम्ही नाकारत नाही. पण शब्दांची मुळे शोधत वर्षानुवर्षे केलेला सराव कोणीही रक्तात घेऊन येत नाही.

सरावाची रीत मात्र महत्त्वाची. 2006 मध्ये सेंट लुइस येथील रोडिगर आणि कार्पिके यांनी काही विद्यार्थ्यांना एक उतारा पुन्हा पुन्हा वाचायला सांगितले, तर काहींना न पाहता आठवून लिहायला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते. आठवड्याने आठवून लिहिणारे पुढे गेले. म्हणून बुधवारी टोलवेवर गाडीत वंदनेचे ध्वनिमुद्रण लावण्याआधी मुलांना न ऐकता म्हणायला सांगावे. चौथे शील अडले तर पुढचा शब्द लगेच पुरवू नये. मनात दहा आकडे मोजावेत. अडखळणे आणि शोधणे हाच त्या वाटेचा सराव आहे. अर्थही त्याच वेळी विचारावा, कारण अर्थाला धरून राहिलेले शब्द नुसत्या आवाजापेक्षा अधिक टिकतात.

आणि नागपूर-औरंगाबादकडून आजी सहा महिन्यांसाठी आली असेल, तर तिच्याकडून दर आठवड्याला एक भीमगीत मुलांनी घ्यावे, लिहून न घेता. दुसऱ्या दिवशी ते तिलाच म्हणून दाखवावे, मग चौथ्या दिवशी, मग पुढच्या रविवारी वर्गात. चुकलेला शब्द ती दुरुस्त करीलच.