बर्ड फ्लू : उंदीर मरतो, तेव्हा माणसाने काय समजावे?

बर्ड फ्लूने पुन्हा डोके वर काढले की 'प्रयोगशाळेतील प्राण्यांमध्ये विषाणू अतिशय घातक ठरल्याचे' वृत्त पाठोपाठ येते. डिसेंबर २०२४च्या अखेरीस नागपूरच्या गोरेवाडा केंद्रातील तीन वाघ आणि एक बिबट्या 'एच५एन१' विषाणूमुळे दगावले, तेव्हा ही धास्ती आपल्या दारापर्यंत आली. पण उंदीर मेला म्हणजे नेमके काय सिद्ध झाले? या प्रश्नाचे उत्तर विषाणूच्या मूठभर प्रथिनांत दडलेले आहे.

१९९७ साली हाँगकाँगमध्ये 'एच५एन१'ची लागण १८ जणांना झाली आणि त्यांपैकी सहा जण मृत्युमुखी पडले. रुग्णांकडून मिळवलेले विषाणू उंदरांच्या नाकात सोडल्यावर शास्त्रज्ञांना एक विलक्षण गोष्ट आढळली. काही विषाणू फुफ्फुसातून थेट मेंदूपर्यंत पसरत आणि उंदराचा प्राण घेत; काही मात्र श्वसनमार्गाबाहेर पडतच नसत. एकाच साथीतील, जवळजवळ एकसारख्या दिसणाऱ्या या भावंडांत एवढा फरक कशामुळे?

इन्फ्लुएन्झा विषाणूची जनुके आठ तुकड्यांत विभागलेली असतात. १९९९पर्यंत हे तुकडे प्रयोगशाळेत हवे तसे जोडून नवा विषाणू घडवण्याचे तंत्र विकसित झाले होते. योशिहिरो कावाओका यांच्या चमूने घातक आणि सौम्य विषाणूंच्या तुकड्यांची अदलाबदल करून पाहिली. २००१ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष थक्क करणारा होता. घातकपणा 'पीबी२' या एका प्रथिनाबरोबर इकडून तिकडे जात होता. हे प्रथिन ७५९ अमिनो आम्लांची साखळी आहे. त्यातील ६२७व्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी लायसिन आले, की उंदीर मरत असे!

'पीबी२' हा विषाणूच्या जनुकांच्या प्रती काढणाऱ्या यंत्रणेचा एक भाग. ही यंत्रणा एकटी काम करीत नाही. तिला यजमान पेशीतील 'एएनपी३२ए' या प्रथिनाचा हात लागतो. कोंबडीच्या पेशीतील हे प्रथिन सस्तन प्राण्यांतील प्रथिनापेक्षा ३३ अमिनो आम्लांनी लांब असते, हे २०१६ मध्ये ब्रिटनमधील संशोधकांनी दाखवून दिले. पक्ष्यांना सरावलेली विषाणूची यंत्रणा त्यामुळे आपल्या पेशीत अडखळते. लायसिनचा बदल ही अडचण दूर करतो. शिवाय पक्ष्याच्या आतड्यातील सुमारे ४१ अंश तापमानाची सवय असलेल्या विषाणूला, सस्तन प्राण्याच्या नाकातील ३३ अंशांच्या गारव्यातही तो वाढू देतो.

मात्र हा बदल एकटा पुरेसा नाही. विषाणूच्या पृष्ठभागावरील 'हिमॅग्लुटिनिन' प्रथिन कापले गेल्याखेरीज विषाणूला पेशीत शिरता येत नाही. साध्या फ्लूमध्ये हे काम करणारी विकरे मुख्यतः श्वसनमार्गात असतात. 'एच५एन१'चे हिमॅग्लुटिनिन मात्र जवळपास प्रत्येक अवयवात आढळणाऱ्या 'फ्युरिन' या विकराने कापले जाते. कावाओकांनी ही सोय काढून टाकताच मारक विषाणू निष्प्रभ झाला.

'एनएस१' या तिसऱ्या प्रथिनाची कथा अधिक बोलकी आहे. शरीर विषाणूविरुद्ध 'इंटरफेरॉन'ची आरोळी ठोकते; 'एनएस१' ती दाबून टाकते. १९९८ मध्ये हे प्रथिनच नसलेला विषाणू तयार करण्यात आला. सामान्य उंदरांचे त्याने काही बिघडवले नाही, पण ज्या उंदरांमध्ये इंटरफेरॉनचा संदेश पुढे नेणारे जनुक नव्हते, त्यांना त्याने ठार केले. घातकपणा हा नुसत्या विषाणूचा गुण नव्हेच. तो विषाणू आणि यजमान यांच्यातील नात्याचा गुण आहे.

इथेच प्रयोगशाळेतील उंदराकडे जरा संशयाने पाहावे लागते. या उंदरांच्या बहुतेक जातींत फ्लूला रोखणारे 'एमएक्स१' हे जनुक निकामी असते. स्विस शास्त्रज्ञ जाँ लिंडेनमान यांना १९६०च्या दशकात ते शाबूत असलेली एक जात सापडली आणि ती फ्लूला दाद देईना! माणसात या जनुकाचे भावंड कार्यरत असते. म्हणजे ज्या किल्ल्याचा एक दरवाजा आधीच उघडा आहे, त्यावर आपण शत्रूची ताकद मोजत असतो. मुंगसासारखा दिसणारा फेरेट हा प्राणी म्हणूनच संशोधकांना अधिक जवळचा वाटतो. १९३३ साली माणसातील फ्लूचा विषाणू प्रथम त्याच्यातच वाढवला गेला. तो आपल्यासारखा शिंकतोही.

तथापि फेरेटचाही कौल अंतिम नसतो. २०२४च्या वसंत ऋतूत अमेरिकेतील टेक्सास राज्यात दुभत्या गायींच्या गोठ्यातील एका कामगाराला 'एच५एन१'ची लागण झाली. त्याच्याकडून मिळालेल्या विषाणूत ६२७व्या स्थानी नेमके ते लायसिन होते. ज्या फेरेटना हा विषाणू देण्यात आला, ते सर्व मेले. त्या कामगाराचे मात्र फक्त डोळे आले होते आणि तो बरा झाला.

महाराष्ट्राशी या लायसिनचा संबंध त्याहून जुना आहे. २००५ साली चीनमधील चिंगहाई सरोवरावर हजारो वन्य पक्षी ज्या विषाणूने मेले, त्यातही हा बदल आढळला होता. त्याच शाखेचा विषाणू फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरच्या पोल्ट्रींत पोहोचला. लाखो कोंबड्या माराव्या लागल्या, व्यवसाय कोलमडला. पण माणसांत साथ पसरली नाही. माणसाच्या घशातील पेशींना घट्ट चिकटण्यासाठी हिमॅग्लुटिनिनमध्ये वेगळे बदल व्हावे लागतात आणि ते त्या विषाणूत नव्हते.

म्हणून नव्या विषाणूची जनुकीय माहिती हाती येताच संशोधक ६२७वे स्थान तपासतात, पण तेवढ्यावर थांबत नाहीत. अमेरिकेतील गायींच्या बहुतांश विषाणूंत तिथे जुनेच ग्लुटामिक आम्ल होते. बदल चार घरे पलीकडे, ६३१व्या स्थानी झाला होता.