माल्टा : संतोत्सवांचे बेट

भूमध्य समुद्रातील या चिमुकल्या कॅथलिक मुलखात ग्रीष्माचे आगमन होताच गावोगावचे पॅरिश आपापल्या संताचा ‘फेस्ता’ मांडतात. चर्चचे स्तंभ तांबड्या दमास्क वस्त्राने मढवले जातात, आणि वाद्यवृंदांच्या घोषात, सज्जांतून होणाऱ्या कागदी वृष्टीखाली, संतमूर्ती भक्तांच्या खांद्यांवरून मिरवते.

२९ जून : संत पीटर व संत पॉल यांचा दिवस. आदल्या रात्री बुस्केटच्या उपवनात लोकगीते रंगतात व सशाचे कालवण शिजते.

१५ ऑगस्ट : मारियेचे स्वर्गारोहण. १९४२ साली, दुसऱ्या महायुद्धातील वेढ्याने बेट उपासमारीच्या कड्यावर आले असता, मदतीच्या ताफ्यातील ‘ओहायो’ हे जर्जर तेलवाहू जहाज इंधनाची रसद घेऊन याच दिवशी बंदरात पोहोचले. त्या ताफ्याला माल्टावासी आजही कृतज्ञतेने मारियेचेच नाव देतात.

२०२३ साली युनेस्कोने ग्राम-फेस्ताची अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत नोंद केली.