गुणांचा सर्व्हर शाळेच्याच टेबलावर!

अमरावतीहून यवतमाळच्या रस्त्याला लागलं की नांदगाव खंडेश्वर लागतं. खंडेश्वराचं जुनं देऊळ, आजूबाजूला कापूस, तूर, सोयाबीन. याच तालुक्यातलं पापळ हे डॉ. पंजाबराव देशमुखांचं जन्मगाव. १८९८ साली इथे जन्मलेल्या या माणसाने १९३२ मध्ये अमरावतीत श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी केली आणि शेतकऱ्याच्या पोरांसाठी शाळेची दारं उघडली. अशा तालुक्यातल्या शाळेने आपल्या मुलांचे गुण ठेवायला दूरच्या सर्व्हरचं तोंड का पाहावं? कोपऱ्यातला जुना कॉम्प्युटर या कामाला पुरतो. सॉफ्टवेअर एकदा उतरवून घेतलं की इंटरनेटसुद्धा लागत नाही. एका दुपारचं काम आहे, आणि त्या दुपारी अख्ख्या जगाचा गमतीदार इतिहास शाळेत येऊन बसतो.

घर एक, पत्ते १ कोटी ६७ लाख

ब्राउझरमध्ये ‘लोकलहोस्ट’ टाइप केलं की कॉम्प्युटर स्वतःच्याच दारावर टकटक करतो. या दाराचा नंबर १२७.०.०.१. गंमत अशी की १२७ ने सुरू होणारे सगळेच पत्ते याच कामासाठी राखून ठेवलेत. म्हणजे स्वतःशी बोलायला प्रत्येक कॉम्प्युटरकडे १ कोटी ६७ लाखांहून जास्त पत्ते आहेत, आणि जवळजवळ सगळे एकाच पत्त्यावर भागवतात.

बटणावर थोरली, आत धाकटी

आपल्याकडे बहुतेक जण एक्सॅम्प नावाचं फुकट मिळणारं पॅकेज टाकतात. त्यात अपाचे हा वेब-सर्व्हर, पीएचपी ही भाषा आणि माहिती साठवणारा डेटाबेस एकत्र येतात. कंट्रोल पॅनेल उघडायचं, अपाचेसमोरचं ‘स्टार्ट’ दाबायचं. नाव हिरवं झालं आणि शेजारी ८० व ४४३ हे आकडे दिसले की सर्व्हर उठला. मग दुसरं ‘स्टार्ट’ मायएसक्यूएलसमोरचं, तिथे ३३०६ उमटतो. हे आकडे म्हणजे पोर्ट, एकाच पत्त्यावरच्या वेगवेगळ्या खिडक्या. अपाचे हिरवा होऊन लगेच बंद पडला, तर ८० नंबरच्या खिडकीवर दुसरंच कोणी बसलंय असं समजा. बहुतेकदा तो विंडोजचाच स्वतःचा वेब-सर्व्हर असतो. त्याला थांबवा, किंवा अपाचेला ८०८० वर बसवा.

आता त्या दुसऱ्या बटणाची गोष्ट. मायएसक्यूएलमधलं ‘माय’ हे ते बनवणाऱ्या फिनलंडच्या मायकेल विडेनियस यांच्या थोरल्या मुलीचं नाव. पुढे मायएसक्यूएलची कंपनी विकली गेली, आणि २००९ मध्ये विडेनियस यांनी त्याच कोडवरून नवा डेटाबेस सुरू केला. त्याला नाव दिलं धाकट्या मुलीचं, मारिया. एक्सॅम्पच्या आत २०१५ पासून मारियाडीबीच धावतो, पण पॅनेलवर पाटी मायएसक्यूएलचीच आहे. थोरलीच्या नावाचं बटण दाबलं की धाकटी कामाला लागते.

पीएचपीचे जनक रासमुस लेर्डॉर्फ यांचा जन्म ग्रीनलंडमधला. १९९४ मध्ये त्यांनी ते आपल्या वैयक्तिक पानासाठी लिहायला घेतलं होतं. अपाचे १९९५ चा. म्हणजे या त्रिकुटातले दोघं तर आता तिशी ओलांडून गेलेत.

रेडिओवर शिकलेल्या पोराचं मूडल

स्वतः कोड लिहायचा नसेल तर मूडल टाका. वर्ग, गृहपाठ, चाचण्या आणि गुणवही, सगळं तयार मिळतं, फुकट, आणि मराठी भाषेचा पॅकही आहे. ते बनवणारे मार्टिन डुजियामास ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातल्या एका दूरच्या वस्तीत वाढले. जवळपास शाळा नव्हती, धडे रेडिओवरून यायचे. त्या मुलाने मोठेपणी जगभरच्या शाळांना दूरवरून शिकवायचं साधन दिलं! मूडलची पहिली आवृत्ती आली २० ऑगस्ट २००२ ला. आणि आपल्या राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाचा शासन निर्णय निघाला २० ऑगस्ट २०१० ला. योगायोग आहे, पण मला तो फार आवडतो.

साडेऐंशीचा खड्डा

त्या शासन निर्णयाने श्रेण्या ठरवल्या: ९१ ते १०० अ-१, ८१ ते ९० अ-२, ७१ ते ८० ब-१, अशा खाली उतरत इ-२ पर्यंत. कागदावर झकास. पण कॉम्प्युटरला हे जसंच्या तसं सांगितलं आणि एखादीला ८०.५ पडले, तर ती ८० च्या वर आणि ८१ च्या खाली, म्हणजे कुठेच नाही! प्रगतिपत्रकावर श्रेणीची जागा कोरी येते. घरी केलेल्या ॲपमध्ये ही चूक हमखास सापडते. मूडलने यावर साधा उपाय ठेवलाय: श्रेणीची फक्त खालची हद्द विचारायची. ७१ ला ब-१, ८१ ला अ-२, बस्स. साडेऐंशी आपोआप ब-१ मध्ये जातात. त्यातून अर्ध्याचा पूर्ण करायचा की नाही, हे मुख्याध्यापकांनी आधीच ठरवून द्यावं. ते काम सॉफ्टवेअरवर सोडू नये.

दुसरी गंमत भारांशाची. २०१० च्या पद्धतीत पहिली-दुसरीला आकारिकचे, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या मूल्यमापनाचे ७० आणि संकलितचे, म्हणजे सत्राअखेरच्या परीक्षेचे ३०, तर सातवी-आठवीला आकारिकचे ४० आणि संकलितचे ६०. समजा एका मुलाला आकारिकमध्ये ८० टक्के आणि संकलितमध्ये ५५ टक्के आहेत. दुसरीत असेल तर ५६ अधिक १६.५, म्हणजे ७२.५, श्रेणी ब-१. सातवीत असेल तर ३२ अधिक ३३, म्हणजे ६५, श्रेणी ब-२. मूल तेच, मेहनत तीच, इयत्ता बदलली की श्रेणी बदलली. आणि नियम बदलतच राहतात. पाचवी-आठवीच्या वार्षिक परीक्षेचे नियम २०२३ मध्ये नव्याने आले. म्हणून हे टक्के कोडमध्ये कोरू नका, डेटाबेसच्या एका टेबलात ठेवा. नियम बदलला की आकडा बदलायचा, प्रोग्रॅमला हात लावायचा नाही.

आठाचे सात

पीएचपीला विचारा: ०.१ आणि ०.७ ची बेरीज करून दहाने गुण, अपूर्णांक काढून टाक. उत्तर येतं ७! पहिलीच्या पोरालाही ८ येतील. कारण दोनाच्या घातात मोजणाऱ्या कॉम्प्युटरला ०.१ नेमका लिहिताच येत नाही. उत्तर आठाच्या केसभर खाली पडतं आणि अपूर्णांक काढताना सरळ सातावर घसरतं. पीएचपीच्या अधिकृत पुस्तिकेत हेच उदाहरण इशारा म्हणून दिलंय. गुणांचा रकाना बनवताना ‘फ्लोट’ न निवडता ‘डेसिमल’ निवडा. एका शब्दाचा फरक, पण त्यात कोणाचा तरी गुण वाचतो.

नांदगाव खंडेश्वर = ४६ बाइट

मराठी नावं भरली आणि स्क्रीनवर नुसती प्रश्नचिन्हं आली, हा अनुभव पुष्कळांना असेल. जुन्या मायएसक्यूएलला न सांगता फक्त युरोपातली लिपी कळायची. ही मूळ सवय २०१८ च्या आठव्या आवृत्तीत सुटली. आजही डेटाबेस बनवताना ‘यूटीएफ-८-एमबी-४’ निवडलं की निश्चिंत. यूटीएफ-८ ची आखणी केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी सप्टेंबर १९९२ मध्ये न्यू जर्सीतल्या एका खानावळीत केली, ताटाखालच्या कागदावर! या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, आणि काना, मात्रा, अनुस्वार, पाय मोडायची खूण, सगळी वेगळी मोजली जातात. नांदगावची सात, खंडेश्वरची आठ, मिळून पंधरा चिन्हांचे ४५ आणि मधल्या मोकळ्या जागेचा एक.

हजेरीपट अकारविल्हे लावाल तेव्हा क्षितिजा नावाच्या मुलीकडे लक्ष ठेवा. आपल्या मुळाक्षरांत क्ष आणि ज्ञ शेवटी, ळ च्याही मागे. कॉम्प्युटरच्या हिशेबात मात्र क्ष म्हणजे क ला जोडलेला ष, म्हणून क्षितिजा कविताच्या आसपास जाऊन बसते. मराठीचा क्रम वेगळा सांगावा लागतो.

पेपर तपासणाऱ्या यंत्राचा आजा

यंत्राने पेपर तपासायची कल्पना आजची नाही. अमेरिकेत मिशिगनमध्ये रेनॉल्ड जॉन्सन नावाचे विज्ञानाचे मास्तर होते. पेन्सिलीच्या शिशातून वीज वाहते हे त्यांना लहानपणापासून ठाऊक होतं, कारण बहिणींना फिरायला न्यायला येणाऱ्या पोरांच्या गाड्यांच्या स्पार्क-प्लगवर ते पेन्सिलीने रेघा ओढून ठेवायचे. ठिणगी भलतीकडे जायची आणि गाडी सुरूच व्हायची नाही. त्याच ज्ञानावर त्यांनी पेन्सिलीच्या खुणा वाचून गुण देणारं यंत्र बनवलं. ते आयबीएमने घेतलं आणि मास्तरांनाही नोकरीवर घेतलं. याच जॉन्सन यांच्या पथकाने १९५६ मध्ये जगातली पहिली हार्ड डिस्क तयार केली: दोन-दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्या आणि त्यावर ५० लाख अक्षरं. आज शाळेच्या कॉम्प्युटरमध्ये मुलांचे गुण ज्या प्रकारच्या डिस्कवर बसतात, तिच्या मुळाशी पेपर तपासून दमलेला एक शिक्षक आहे!

विद्यार्थ्यांनी लिहिलेले प्रोग्रॅम तपासायचं काम कॉम्प्युटरवर सोपवलं जॅक हॉलिंग्सवर्थ यांनी. त्याची हकिकत १९६० मध्ये छापून आली. तेव्हा उत्तरं भोकं पाडलेल्या पत्त्यांवर असत.

आपल्या महाराष्ट्रातलं नाव घ्यायचं तर आयआयटी मुंबईचं एक्सडेटा. प्रा. एस. सुदर्शन यांच्या गटाने केलेली ही प्रणाली डेटाबेसला विचारलेले विद्यार्थ्यांचे प्रश्न तपासते. उत्तर बरोबर ‘दिसतं’ म्हणून ती गुण देत नाही. चूक उघडी पडेल असा छोटासा डेटा स्वतः तयार करून पाहते. उदाहरणार्थ, गुणांची नोंदच नसलेला एक गैरहजर विद्यार्थी त्यात घालते. चुकीच्या पद्धतीने टेबलं जोडली असतील तर तो यादीतून गायब होतो, आणि चूक तिथेच पकडली जाते. शाळेच्या ॲपमध्येही ही युक्ती वापरा: खऱ्या मुलांचे गुण भरण्याआधी एक गैरहजर, एक शून्य गुणांचा, एक साडेऐंशीवाला आणि एक क्ष वरून नाव असलेली अशी चार खोटी नावं भरून बघा. चौघांची प्रगतिपत्रकं बिनचूक निघाली तर पुढे चला. आधी थोड्यावर करून पाहायची सवय किती मोलाची, हे मुंबई विद्यापीठाने २०१७ मध्ये दाखवलं. लाखो उत्तरपत्रिका एकदम स्क्रीनवर तपासायला घेतल्या, निकाल महिनोन् महिने रखडले आणि ऑक्टोबरात राज्यपालांनी कुलगुरूंना पदावरून दूर केलं.

फोनवरून गुण, आणि लाइन गेली तर?

सर्व्हर शाळेच्या वाय-फायवर असेल तर बाकीचे शिक्षक आपापल्या फोनवरून गुण भरू शकतात. कमांडच्या काळ्या खिडकीत ‘आयपीकॉन्फिग’ लिहिलं की १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता मिळतो. तोच फोनच्या ब्राउझरमध्ये टाकायचा. फोन जुळत नसेल तर विंडोजच्या फायरवॉलमध्ये अपाचेला परवानगी दिलीय का ते पाहा. १९२.१६८ चे पत्ते १९९४ पासून खासगी वापरासाठी राखीव आहेत, त्यामुळे नांदगावच्या आणि नागपूरच्या शाळेचा पत्ता तंतोतंत एकच असला तरी टक्कर होत नाही. मात्र दार उघडण्याआधी कुलूप लावा: एक्सॅम्पमध्ये डेटाबेसच्या मालकाचं नाव ‘रूट’ आणि पासवर्ड कोरा असतो.

आणि वऱ्हाडात लाइन कधी जाईल सांगता येत नाही. डेटाबेस लिहीत असताना वीज गेली तर पुढच्या वेळी मायएसक्यूएल कधीकधी सुरूच व्हायला नकार देतो. छोटा यूपीएस असला तर तेवढ्यात नीट बंद करता येतं. तरी खरी भिस्त प्रतीवर. एक्सॅम्पमधलं पीएचपीमायॲडमिन उघडा, डेटाबेस निवडा, ‘एक्स्पोर्ट’ दाबा. निघणारी फाइल साधा मजकूर असते, नोटपॅडमध्येही वाचता येते. ती होते तरी केवढी? ३०० मुलं, आठ विषय, दोन सत्रं, म्हणजे ४,८०० नोंदी. एकीला शंभर बाइट धरले तरी अर्ध्या एमबीच्या आत. दर शनिवारी शाळा सुटताना ती पेनड्राइव्हवर घ्या, एक प्रत मुख्याध्यापकांच्या कपाटात आणि दुसरी शाळेबाहेर ठेवा, आणि सत्रातून एकदा ती दुसऱ्या कॉम्प्युटरवर ‘इम्पोर्ट’ करून सगळी नावं येतात का ते मोजून पाहा.