सळई व काँक्रीट यांच्यातील बंधाची चाचणी : अर्थ आणि मर्यादा

३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपाचे हादरे अंबाजोगाई परिसरालाही जाणवले. त्यानंतर भिंतींतील सलोह काँक्रीटच्या पट्ट्यांचे महत्त्व पटले. परंतु आतील सळईच काँक्रीटमधून सरकली, तर पट्टी व्यर्थ ठरते.

ही पकड आयएस २७७० (भाग १) : १९६७ नुसार तपासताना काँक्रीटच्या घनात बसविलेली सळई यंत्राने ओढून तिचे सरकणे मोजतात. मात्र येथे सळईभोवतीचे काँक्रीट दाबाखाली असते. तुळईत ते ताणाने तडकते. त्यामुळे प्रयोगशाळेतील आकडा सामान्यतः चढा येतो व तो जसाच्या तसा आराखड्यात वापरणे धोक्याचे होय. आयएस ४५६ : २००० मध्ये एम २० काँक्रीटमधील साध्या सळईसाठी बंधप्रतिबल अवघे १.२ न्यूटन प्रति चौ. मिमी धरले आहे. कंगोरेदार सळईसाठी ६० टक्के अधिक. त्या हिशेबाने ताण घेणारी एफई ४१५ प्रतीची १६ मिमी सळई सुमारे ७५० मिमी रुतलेली हवी.