नितळ पाणी आणि हिम कल्पना

कातळातून ठिबकणारे पाणी शुद्धच, असे मीही अनेक वर्षे मानीत होतो. भुसावळकरांना जवळची अजिंठा लेणी बेसॉल्टमध्ये कोरलेली आहेत. या खडकाच्या भेगांतून पाणी झपाट्याने उतरते. वाळूच्या थरासारखे ते गाळले जात नाही. अशा गुंफेत वटवाघळांची विष्ठा मिसळली, तर नितळ पाण्यातही ई. कोलाय सापडू शकतो. हा आतड्यातील जीवाणू विष्ठासंसर्गाचा निदर्शक होय; मात्र विष्ठा माणसाची की वटवाघळाची, हे तो सांगत नाही. भारतीय मानकानुसार पिण्याच्या १०० मिलिलिटर पाण्यात तो आढळता कामा नये. सुश्रुतोक्त निर्मळीने गढूळपणा बसतो, जंतुनाशाची हमी मिळत नाही. क्वाथ उकळला जातो; हिमात मात्र द्रव्य थंड पाण्यातच रात्रभर भिजते. तेव्हा औषधालयांनी हिमासाठी पाणी आधी उकळून, झाकून गार करावे.